खांद्यातून उतरलेली अक्षरं

ह्यांचा हात पडला तेव्हा हे एका हलवायाच्या पाटीवर 'गोड' हा शब्द लिहीत होते. गो लिहून झाला होता. ड च्या पोटाकडं वळताना मनगट एकदम खाली लोंबलं. ब्रश बोटांतून सुटला नाही, पण त्याचं टोक पाटीवरून घसरत खाली आलं आणि ड ला एक लांब पांढरी शेपटी फुटली. मी सोप्यात शेजारीच बसून रंग घोटत होते. मला वाटलं, ह्यांनी मुद्दामच काहीतरी गंमत केली. अक्षरांशी असा खेळ हे करायचेच.

मग ह्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरून वर उचललं आणि सोडलं. ते खाली पडलं. परत उचललं, परत पडलं.

"मुंग्या आल्यात काय?" मी विचारलं.

"न्हाय," हे म्हणाले. "मुंग्या आल्या असत्या तर मला कळलं असतं."

माझं माहेर वडगावचं, सासर शहापूरचं, दोन्ही घरं मागावरची. ह्यांच्या थोरल्या भावानं, म्हणजे माझ्या दिरांनी, बापाचा माग धरला. ह्यांचं मन मागावर कधी बसलं नाही. लुगड्याच्या काठाची नक्षी कागदावर आखता आखता ह्यांच्या हातात ब्रश आला आणि तो हातातच राहिला. माझं लग्न झालं तेव्हा हे पाट्या रंगवायचं काम करत होते आणि सगळं गाव ह्यांना 'पेंटर' म्हणूनच हाक मारत होतं. शहापूर तेव्हा संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांचं, पण पाट्यांना कुठली वेस नव्हती. बाजारात मराठी पाटी लागायची, कानडी लागायची, गोऱ्यांच्या कँपात इंग्रजी लागायची.

पाट्या रंगवणारे दुसरेही होते. त्यांची अक्षरं कचेरीच्या दारातल्या शिपायासारखी ताठ उभी असायची. ह्यांची तशी नसत. एकदा ब्रश टेकला की अक्षर संपेपर्यंत उचलायचा नाही, ही ह्यांची रीत. त्यामुळं रेघ सुरुवातीला जाड, मध्ये बारीक आणि शेवटाला पुन्हा फुगलेली असायची. 'सोडावॉटर' लिहिलं तर बाटलीचं बूच आत्ताच उडालंय असं वाटायचं. नाटक कंपनीचा फार्स लागायचा असला की मॅनेजर ह्यांनाच शोधत यायचा. हे मला म्हणायचे, "कानडी अक्षरं जन्मालाच गोल आलीत, त्यास्नी हसवायला कष्ट न्हाईत. मराठी अक्षरं दोरीवर वाळत घातल्यागत लोंबत्यात. त्यास्नी आधी खाली उतरवाय पाहिजे."

रंग घोटायचं काम माझं. सफेद्याची पूड, जवसाचं बेलतेल आणि एक काळा पाटा. पूड इतकी बारीक असायची की वरवंटा फिरवला की धुरासारखी वर यायची. माझे केस, भुवया, लुगड्याचा पदर, सगळं पांढरं व्हायचं. तेच हात पदराला पुसून मी भाकरी थापायला बसायचे. आणि ह्यांना ब्रशाला टोक काढायला तो ओठांत धरून ओढायची सवय. दर अक्षराआधी एकदा. संध्याकाळी ह्यांच्या मिशीची टोकं पांढरी झालेली असायची आणि मला ते बघून हसू यायचं.

माझी मुलं राहत नव्हती. पहिलं आणि दुसरं पोटातच गेलं. तिसरी मुलगी दिवस भरून झाली, पण पाचवी पुजायच्या आधीच गेली. तिला गुंडाळलेलं फडकं किती हलकं होतं ते माझ्या हातांना अजून आठवतं. त्यानंतर पुन्हा एकदा तसंच. माझी जाऊ लेकुरवाळी होती. ती दुष्ट नव्हती, पण तोंडानं फटकळ. एकदा मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता ती सहज म्हणाली, "तुझ्या ओटीत काय टिकतच न्हाय बघ." मलाही तसंच वाटत होतं. उपास केले, डोंगरावरच्या देवीला नवस बोलले, कुणी सांगितलं म्हणून अनवाणी गेले. देवळातनं आले की पुन्हा पाट्यावर बसायचे.

हात पडण्याच्या थोडं आधी बेळगावातल्या एका छापखान्याचे मालक आमच्याकडं आले होते. त्यांनी ह्यांना एक मोठं काम सांगितलं.

"पेंटर, तुमचं हे हसरं अक्षर मला लाकडात पाहिजे," ते म्हणाले. "सगळी मुळाक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या, जमतील तेवढी जोडाक्षरं. तुम्ही कागदावर काढून द्या, माझा सुतार शिवणीच्या लाकडात कोरील. मग नाटकाचं हँडबिल असू दे न्हायतर विडीचं, हे लाकडी खिळे जुळवायचे की छापायचं. मागनं कानडीचं बघू."

ते गेल्यावर हे किती तरी वेळ सोप्यातच फेऱ्या मारत होते. पाटी म्हणजे एकच, तीही ऊन-पावसात उडून जाणारी. हे अक्षर लाकडात गेलं की कुणीही, कितीही वेळा, कुठलाही शब्द त्यातनं लिहील. "मी झोपलेला असलो तरी माझं अक्षर छापत असंल," हे म्हणाले. ह्यांना इतकं आनंदात मी आमच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

आणि मग हात पडला.

सुरुवातीला आम्ही वैद्याचं तेल लावलं. मग शेक दिला, अंगारा लावला, एका बाईनं सांगितला म्हणून कसलासा पाला बांधला. मनगट काही उचललं नाही. बोटं मिटायची, पण हात पुढं धरला की पंजा मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखा लोंबायचा. पोटातल्या कळा ह्यांना बऱ्याच वर्षांपासून होत्या, त्याही वाढल्या. हलवाई येऊन आपली अर्धी पाटी घेऊन गेला. शेपटीवाल्या ड कडं बघून त्यानं काही विचारलं नाही, त्यापेक्षा विचारलं असतं तर बरं झालं असतं.

हे डाव्या हातानं जेवायला लागले. त्याची ह्यांना इतकी लाज वाटायची की ताट घेऊन भिंतीकडं तोंड करून बसायचे. मी भरवते म्हटलं तर ताट सारून उठले. माणूस भिंतीकडं तोंड करून जेवतोय आणि आपण त्याची पाठ बघतोय, ह्याच्यासारखं दुसरं दुःख नाही. बोलणं जवळजवळ बंदच झालं. दिरांनी एक दिवस माझ्याजवळ म्हटलं, "त्याला मिरजेला न्ये. हितं काय व्हणार न्हाय."

आम्ही रेल्वेनं मिरजेला गेलो. तिथल्या मोठ्या दवाखान्यात एका डॉक्टरांनी ह्यांना तपासलं. हात बघण्याआधी त्यांनी ह्यांना तोंड उघडायला लावलं, ओठ खाली ओढला आणि हिरड्या बघितल्या. मग मला जवळ बोलावून दाखवलं. दातांच्या मुळाशी हिरडीवर एक निळसर काळी रेघ होती. शाईनं आखल्यासारखी बारीक.

"काय काम करता?"

"पाट्या रंगवतो."

"ब्रश तोंडात घालता?"

ह्यांनी ओठ मिटून घेतले. मी म्हटलं, "घालत्यात."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. सफेदा म्हणजे शिसं. ते अंगात भिनतं, पोटात कळा आणतं आणि मग जो हात सगळ्यांत जास्त चालतो, त्याच्याच शिरा मारतं. आता सफेद्याला शिवायचं नाही. हात सुधारेल, पण किती ते सांगता येणार नाही. पूर्वीसारखा होईल असं त्यांनी म्हटलं नाही.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "रंग कोण घोटतं?"

"मी."

त्यांनी माझाही ओठ ओढून बघितला. हात धुतले. फडक्याला हात पुसत पुसत अगदी हळू आवाजात विचारलं, "मुलं किती?"

मी सांगितलं. किती झाली, किती राहिली.

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "बाई, ह्यात तुमचा काही दोष नाही. हे विष बाईच्या पोटात गेलं की मूल टिकत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, तुम्हाला कसं कळणार."

ते चांगल्या मनानं बोलले. पण माझ्या कानात तेव्हा दुसराच आवाज होता, पाट्यावर फिरणाऱ्या वरवंट्याचा. गरोदरपणात मला बसवत नसे, तरी मी भिंतीला टेकून घोटायची. ह्यांना रंग दाट लागायचा म्हणून जास्त वेळ घोटायची. मुलगी पोटात असताना तर एका मोठ्या नाटकाच्या पाट्यांचं काम होतं.

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. ह्यांनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. घटप्रभेच्या पुलावरून गाडी जाताना हे खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "माझा हात गेला त्येचं काय न्हाय." मी पुढचं विचारलं नाही. विचारून त्यांनी उत्तर दिलं असतं, तर ते उत्तर घेऊन मला जगता आलं नसतं.

घरी आल्यावर मी जावेला सांगितलं. ती कांड्या भरत होती. तिचं चाक थांबलं. "म्हंजे इतकी वर्सं मी तुला..." एवढं म्हणाली आणि तोंडाला पदर लावून तशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर सोप्यात पाटा नव्हता, वरवंटा नव्हता, सफेद्याचा डबाही नव्हता. जावेनं ते सगळं डोक्यावर घेऊन ओढ्यापलीकडच्या पडीक जागेत नेलं होतं आणि खड्डा काढून पुरलं होतं. परत आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते. तिनं चूल पेटवली आणि पहिला चहा मला दिला.

मी रडत नव्हते. हेच जावेला बघवत नव्हतं. ती म्हणायची, "रड की गं, मोकळी हो." पण माझं आतलं सगळं वाळून कोळ झालं होतं. रस्त्यानं जाताना ह्यांनी रंगवलेल्या पाट्या दिसायच्या. चहाच्या दुकानावर, शिंप्याच्या दारावर, तालमीजवळ. सगळी अक्षरं हसत असायची. मला त्या पाट्यांवर दगड मारावेसे वाटायचे. एकदा मी खरोखरच दगड उचलला होता. मग तो हातातच धरून घरापर्यंत आले आणि अंगणात टाकला.

त्या दिवसांत एका दुपारी हे घरातनं निघून गेले. जावेनं बघितलं, पण तिला वाटलं कोपऱ्यापर्यंत गेले असतील. बराच वेळ झाला तरी हे आले नाहीत. मी आधी स्टेशनकडं धावले, रुळांच्या बाजूनं बघितलं. मग कुणीतरी सांगितलं, पेंटर किल्ल्याकडं जाताना दिसले. हे किल्ल्याच्या खंदकाच्या काठावर बसले होते, पाय खाली सोडून. खंदकात हिरवं पाणी होतं. मी मागं जाऊन उभी राहिले. हाक मारायची भीती वाटली. दचकले तर काय, असं वाटलं.

ह्यांना माझी चाहूल लागली असावी. मागं न बघता म्हणाले, "उडी मारायला आलतो असं न्हाय. पण बसलो आणि मग उठून घरी जायला पाय उचलंना."

मी शेजारी बसले. म्हटलं, "माझाबी उचलत न्हाय. पण उचलते."

"तू कशी उचलतीस?"

"कोण तरी मागनं ढकलल्यागत. सकाळी जाऊबाई चहा देते, मग उठाय लागतं."

ह्यांनी काठावरचा एक खडा डाव्या हातानं पाण्यात टाकला. मग म्हणाले, "तुझ्या तोंडाकडं बघायचं धाडस होत न्हाय मला." मी म्हटलं, "मग हाताकडं बघा," आणि ह्यांचा लोंबणारा हात माझ्या दोन्ही हातांत धरला. तिथं बसून मी पहिल्यांदा रडले. हेही रडले. काठावर गुरं चारणारी एक बाई लांबून आमच्याकडं बघत होती. आम्ही उठल्यावरच ती तिथनं हलली.

ह्यानंतर थोड्या दिवसांनी छापखान्याचे मालक आले. त्यांना हाताचं कळलं होतं, मुलांचं माहीत नव्हतं. ते कनवाळू माणूस, पण धंदा करणारे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "पेंटर, राग मानू नका. ते लाकडी अक्षराचं काम दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ का? तुमच्या पाट्या बघून काढील तो."

हे म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांबा."

मालक गेल्यावर मी विचारलं, "कशानं काढणार हाईसा?" ह्यांना ते माहीत नव्हतं. पण इतक्या दिवसांत हे पहिल्यांदाच पुढच्या कुठल्या तरी गोष्टीबद्दल बोलले होते. एक गोष्ट चांगली होती. छापखान्याला अक्षर काळं लागायचं, कागदावर. त्याला सफेद्याची गरज नव्हती. दिव्याच्या ज्योतीवर वाटी धरून मी काजळी जमवायला लागले आणि डिंकाच्या पाण्यात कालवून शाई केली.

दिरांनी मागाच्या फणीतली बांबूच्या पातळ कामट्यांची जोडी काढली, तिला जुनं मऊ फडकं गुंडाळलं आणि ह्यांच्या मनगटाला खालनं वरनं बांधली. हात सरळ राहिला. बोटांत ब्रश धरता आला. पण मनगट वळणार नव्हतं, त्यामुळं सगळी रेघ खांद्यातनं काढावी लागायची. पाण्याचा हंडा उचलताना लागते तेवढी ताकद एका वेलांटीला लागायची.

पहिला अ काढला तो अर्ध्या कागदावर पसरला. ह्यांनी त्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्ये अक्षर न्हवं, भूकंप हाय." फाडून टाकला. दुसराही फाडला. जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग संपला. जावेनं शेजारपाजारनं मागून आणखी आणला. रोज सकाळी मी कामट्या बांधायची, हे दुपारपर्यंत काढायचे आणि फाडायचे. घाम गळून शाई फिसकटायची. कधी तिडीक येऊन हात भिंतीवर आपटायचे. एकदा आपटला तेव्हा रक्त आलं आणि हे त्या रक्ताकडं असे बघत राहिले की मी घाबरून ब्रशच उचलून आत नेऊन ठेवला. मग स्वतःच आत आले आणि मुलानं मागावा तसा डावा हात पुढं करून मागितला.

ओठांची सवय मात्र जात नव्हती. शाईत विष नव्हतं, तरी ब्रश तोंडाकडं जाताना बघितला की माझा हात मध्ये जायचा. मी ब्रशाच्या केसांना कारल्याचा रस लावून ठेवला. पहिल्यांदा तोंडात गेल्यावर ह्यांनी जे तोंड केलं, त्याला जाऊ हसली, दीर हसले. मलाही हसू आलं असावं. मला ते आठवत नाही, जाऊ सांगायची.

दिवाळी जवळ आली तोपर्यंत बरीचशी अक्षरं झाली होती. ती पूर्वीसारखी नव्हती. खांद्यानं सरळ रेघ येत नव्हती, त्यामुळं दर अक्षराच्या डोक्यावरची रेघ वेगळ्या बाजूला कललेली होती. शेजारी शेजारी ठेवली की वाटायचं, लग्नाच्या वरातीत टोप्या तिरक्या झालेले वऱ्हाडी चाललेत. ळ गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. ह ची शेपटी पार कागदाबाहेर निघाली होती. ह्यांना ती बघवत नव्हती. "दारू प्यालेली दिसत्यात," म्हणायचे. "माझं नाव सांगू नगा म्हणावं." क्ष आणि ज्ञ निघालेच नाहीत, बरीचशी जोडाक्षरंही नाहीत. कानडीला तर हातच लागला नाही.

मालक कागद न्यायला आले. सतरंजीवर बसून त्यांनी एकेक अक्षर बघायला सुरुवात केली. पहिल्या काही कागदांवर नुसती मान हलवली. मग ळ आला आणि ते हसले. पुढं ह आला, पुन्हा हसले. नंतर नंतर तर त्यांचं पोट हलायला लागलं, डोळ्यांना पाणी आलं. "पेंटर," ते म्हणाले, "आधीचं अक्षर हसरं होतं. हे मेलं खदखदतंय. कुठनं काढलंत हे?"

हे उठून आत आले. मी दारामागं उभी होते. ह्यांचं तोंड मी त्या दिवशी बघितलं तसं पुन्हा कधी बघितलं नाही. ओठ आवळलेले, मान ताठ, आणि बाहेर तो चांगला माणूस हसतोय. "त्यास्नी सांग," हे हळू म्हणाले, "सगळं घेऊन जावा म्हणावं. लगीच." मी बाहेर जाऊन कागद गुंडाळून दिले. मालकांना वाटलं, पेंटरची तब्येत बिघडली.

सुतारानं अक्षरं कोरली. पहिलं हँडबिल एका नाटक कंपनीच्या फार्सचं निघालं. फार्सचं नाव 'लक्षाधीश सासरा' होतं, पण आमच्या अक्षरांत क्ष नव्हता, म्हणून मॅनेजरनं ते 'पैसेवाला सासरा' करून टाकलं. बैलगाडीवर ढोल वाजवत ती हँडबिलं शहापुरातनं वाटत नेली. मी दारात उभी होते. एक माझ्या पायाशी येऊन पडलं. समोरच्या घरातली सासू-सुना एकमेकींना कागद दाखवून हसत होत्या. मी माझा कागद उचलला आणि प पासून वाचायला लागले. मला प्रत्येक अक्षरात ते कोणत्या दिवशी काढलं ते दिसत होतं. हा भिंतीवर हात आपटला त्या दिवसाचा. ही मात्रा मी कामट्या जास्त आवळल्या आणि हे ओरडले त्या दिवसाची. लोक काय बघून हसतात ते मला समजत नव्हतं असं नाही. अक्षरं खरंच मजेदार होती. तेच तर सोसत नव्हतं.

पुढं लढाई सुरू झाली. कागद मिळेना, नाटक कंपन्या मोडल्या, गावोगाव तंबूतले बोलपट आले, तेही मग थंडावले. ह्यांचा हात थोडा सुधारला. पेला धरता यायला लागला, सदऱ्याच्या गुंड्या लावता यायला लागल्या. अक्षर मात्र आलं नाही, जुनं हसरंही नाही आणि कामटीतलं खदखदणारंही नाही. दिरांच्या एकट्या मागावर सगळ्यांचं कसं भागणार, म्हणून आम्ही निपाणीला गेलो. तिथं तंबाखूच्या वखारीत ह्यांना पोत्यांवर खुणा उमटवायचं काम मिळालं. पत्र्याचा छाप पोत्यावर धरायचा आणि वरनं काळा बोळा फिरवायचा. त्याला अक्षर यायला लागत नाही. मी तंबाखू निवडायला बायकांत जायची. मला पुन्हा दिवस गेले नाहीत. काही वर्षं मी वाट बघितली, मग बघायचं सोडून दिलं. ह्यांनी ह्याबद्दल कधी विचारलं नाही, पण दर महिन्याला ह्यांना कळायचं. त्या दिवशी हे पाणी भरून ठेवायचे.

छापखान्याच्या मालकांनी ती लाकडी अक्षरं निपाणीतल्या विडीवाल्यांच्या कामाला वापरली. दुसऱ्या रंगाऱ्यांनी ती बघून उचलली. विडीच्या कट्ट्याला गुंडाळलेल्या कागदावर, किराणा दुकानावर, तंबूच्या दारावर, कुठं ना कुठं ती तिरक्या टोपीची अक्षरं दिसायची. हे मान खाली घालून पुढं जायचे. मी मात्र सगळी वाचायची.

देश स्वतंत्र झाला त्या साली, बाजाराच्या दिवशी, मी वांगी घ्यायला एका म्हातारीपुढं बसले होते. तिनं टोपलीच्या तळाला त्याच तिरक्या अक्षरांचं एक मोठं हँडबिल अंथरलं होतं. वांगी तोलता तोलता तिनं माझी नजर बघितली.

"तुला वाचाय येतंय व्हय?"

"येतंय थोडं."

"मला न्हाय येत," ती म्हणाली. "पण ही अक्षरं बघितली की मला बरं वाटतंय. कोण तरी लई सुखात बसून लिवलंय बघ."

"असंल," मी म्हटलं. वांगी पदरात घेतली आणि घरी आले.

संध्याकाळी हे जेवायला बसले तेव्हा सांगावं की नाही असा विचार करत होते. मग सांगून टाकलं, म्हातारी जे बोलली ते तसंच. ह्यांचा घास हातात थांबला. मला वाटलं, आता उठून जातील.

"कुठल्या अक्षराकडं बघून म्हणाली?" ह्यांनी विचारलं.

"मी विचारलं न्हाय."

"विचारायचं होतंस," हे म्हणाले, आणि जेवायला लागले.